जकातीच्या पैशातून फी भरायची असेल तर

जकात म्हणजे ऐपत असलेल्या मुसलमानाने काढायचं सक्तीचं दान. त्यातून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचा फॉर्म पहिल्यांदा हातात आला की काही प्रश्न खटकतात. घरात सोनं किती? तुम्ही सय्यद आहात का? इंजिनिअरिंगची फी मी अशाच मदतीवर भरली. आता आमच्या जमातीच्या, म्हणजे इथल्या मुस्लिम समाजाच्या, कमिटीत फॉर्म तपासायला बसतो, म्हणून हे प्रश्न कुठून येतात ते सांगतो.

हा पैसा देणाऱ्याच्या मर्जीवर नसतो. सुमारे ८७.५ ग्रॅम सोनं किंवा ६१२ ग्रॅम चांदी, एवढ्या किमतीची शिल्लक ज्याच्याकडे चांद्रवर्षभर राहिली, त्याने त्यातून अडीच टक्के काढायचेच असतात. कुणाला द्यायचे, तेही कुराणात ठरलेलं आहे. आठ प्रकारचे हक्कदार, त्यांत फकीर आणि मिस्कीन, म्हणजे गरीब आणि गरजू, पहिले. म्हणून सोन्याची चौकशी. पैगंबरांच्या घराण्यातल्यांना जकात चालत नाही, म्हणून सय्यदांचा प्रश्न. त्यांच्यासाठी बऱ्याच ठिकाणी लिल्लाह रकमेचा, म्हणजे स्वखुशीने दिलेल्या दानाचा, वेगळा हिशेब ठेवतात, तेव्हा सय्यद असाल तर तसंच लिहा.

घरचे म्हणतील, जकात घेतली तर लोक काय म्हणतील? माझ्या आईलाही ते पचायला वेळ लागला. खरे गरजू याच लाजेपायी मागे राहतात, आणि दारात स्कूटर नि कार उभी असलेले पहिल्या दिवशी रांगेत असतात, हे मी दरवर्षी पाहतो.

वेळेचं गणित नीट समजून घ्या. लोक जकात बहुतेक रमजानमध्ये काढतात, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीतच सुरू झाला. प्रवेश मात्र जुलै-ऑगस्टमध्ये. निकालाची वाट बघत बसलात तर तोवर निधी वाटून झालेला असू शकतो. ईद झाली की फॉर्म कधी निघणार ते विचारून ठेवा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखलाही गर्दी होण्याआधी काढा.

वडील आखातात असतील तर नुसत्या दाखल्यावर आमचं समाधान होत नाही, पगाराची स्लिप लागते. नोकरी सुटून परत आले असतील तर व्हिसा रद्द झाल्याचा कागद जोडा. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज केला का, हे तर विचारतातच. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि कोर्स बसत असेल तर आधी सरकारी सवलत घ्या, उरलेल्या फीसाठी आमच्याकडे या. दुसऱ्या ट्रस्टकडून काही मिळालं असेल तर तो आकडाही लिहा. कमिट्यांचे लोक एकमेकांना ओळखतात.

दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो. एटीकेटी लागली तरी मार्कशीट घेऊन समक्ष या. आम्ही मदत फार तर एक सेमिस्टर थांबवतो. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून मोकळे होऊ नका, शेकडो फोटोंत तो कुणालाच सापडत नाही.