मॅग्नेटारवर बोलताय? या चुका टाळा

मॅग्नेटार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा कोसळलेला, प्रचंड चुंबकीय क्षेत्र असलेला गाभा. ‘ताऱ्याचा लोखंडी गाभा कोसळतो, म्हणून त्याचा चुंबक होतो.’ नाशिकमधल्या विज्ञान प्रदर्शनांत हे वाक्य मी कितीतरी तक्त्यांवर वाचलंय. खोटं कशाला बोलू, पहिल्या भाषणात मीही तेच ठोकून दिलं होतं. मागे बसलेले सातपूरच्या हीट ट्रीटमेंट शॉपमधले एक काका म्हणाले, “सर, लाल झालेलं लोखंड चुंबकाला धरत नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांनी करूनच दाखवलं. जुन्या स्पीकरचा चुंबक सुतळीला टांगला, टॉर्चने नट लालभडक केला. चुंबक ढिम्म. नट काळा पडत गेला आणि मग टक्कन चिकटला. 770 अंशांच्या वर लोखंडाची ही ओढ संपते. कोसळणारा गाभा तर अब्जावधी अंशांचा. तेव्हा लोखंड विसरा.

दुसरी चूक गणितातली. तारा आकसला की त्रिज्या जितक्या पट घटते, त्याच्या वर्गाच्या पटीत चुंबकीय क्षेत्र वाढतं, हे बरोबर. पण मुलं सूर्याची 7 लाख किलोमीटर त्रिज्या धरतात आणि 3 अब्ज पट वाढ काढून मोकळी होतात. कोसळतो तो फक्त गाभा, साधारण दीडेक हजार किलोमीटर त्रिज्येचा. बाकीचा तारा उधळला जातो. उरतो बाराएक किलोमीटर त्रिज्येचा, नाशिकहून त्र्यंबक रस्त्यावर ठेवला तर त्र्यंबकच्या अलीकडेच संपेल एवढा गोळा. वाढ भरते 15 हजार पटींच्या आसपास. तेवढ्याने भागत नाही; मॅग्नेटारला लागतात 1 वर 14-15 शून्यं इतके गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). (टेस्ला या मोठ्या एककात लिहिताना चार शून्यं कमी करा, हेही हमखास राहतं.)

मग उरलेलं बळ कुठून येतं? 1992 मध्ये डंकन आणि थॉम्पसन या खगोलशास्त्रज्ञांनी सुचवलं: नवजात तारा काही मिलिसेकंदांत एक गिरकी घेतो, आत उकळी फुटलेली असते, आणि पहिल्या काही सेकंदांतच गिरकी आणि उकळीचा हा डायनॅमो, म्हणजे गतीतून चुंबकत्व निर्माण करणारी यंत्रणा, क्षेत्र पिळून वाढवतो. दुसरं मत असं की मूळ ताराच तगडा चुंबक असावा. 2023 मध्ये एचडी 45166 या हीलियम ताऱ्यावर 43 हजार गॉस सापडल्यावर या मताला जोर आला. तक्त्यावर दोन्ही लिहा. एकच लिहिलंत तर मी गुण कापतो.

आणि ‘मॅग्नेटार संथ फिरतो, म्हणजे जन्मतःच संथ’ असं तर मुळीच नको. त्याचं क्षेत्रच त्याला ब्रेक लावतं. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावजवळ, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने ज्याचे रेडिओ स्पंद टिपले, तो एक्सटीई जे1810-197 हा मॅग्नेटार आज एका फेरीला साडेपाच सेकंद घेतो.