फौंड्रीत मानसशास्त्र: माझा पहिला वर्षभराचा अनुभव

धारवाडला एम.ए. करत होते तेव्हा मामा विचारायचे, "म्हणजे तू वेड्यांची डॉक्टर होणार?" मी हो म्हणून टाकायचे. खरं तर औद्योगिक मानसशास्त्रज्ञ उपचार करतच नाही. कुठल्या कामाला काय कसब लागतं, भरतीत ते कसं तपासायचं, नवीन पोरांना कसं शिकवायचं, अपघात का होतात, माणसं सोडून का जातात, हे त्याचं काम.

बेळगावला परतल्यावर उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, पहिलं काम मिळालं. फेटलिंगला, म्हणजे ओतीव जॉबच्या (ओतलेल्या भागांच्या) कडा ग्राइंडरनं घासतात तिथं, पोरं टिकत नव्हती. मी ऐटीत मराठी-कन्नड प्रश्नावली छापली, वर टोकन नंबरचा, म्हणजे कामगाराच्या ओळख क्रमांकाचा, रकाना. सगळे कागद 'समाधानी' होऊन आले! चहाच्या वेळी एक जुने कामगार म्हणाले, "मॅडम, वर नंबर घातलासा, मग खरं कोण लिवणार? ओव्हरटाईम जाईल की."

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 ते 1932 मध्ये झालेले प्रयोग मला पाठ होते. आपल्यावर कुणाची नजर आहे हे कळलं की माणूस वेगळा वागतो, असं परीक्षेत भरभरून लिहिलं होतं. फौंड्रीत मात्र विसरले.

दुसरी चूक भाषेची. "ताण येतो का?" विचारलं तर एकानं खांदा चोळत दाखवला, "हितं येतो." मग मी "घरी गेल्यावर झोप लागते का?" असं विचारायला लागले. इंग्रजी चाचणी नुसती मराठी-कन्नडमध्ये उतरवून भागत नाही. दुसऱ्याकडून ती परत इंग्रजीत करून घ्या, कुठं अर्थ घसरला ते दिसतं.

शेवटी प्रश्नावली ठेवून दिली आणि आठ रात्रपाळ्या नुसती उभी राहिले. मजुरी नगावर होती. जुनी मंडळी आधी हलके जॉब उचलायची, जड ते नव्यांच्या वाट्याला. नग भरायचे नाहीत, महिन्याभरात पोरगा पसार. जॉब पाळीपाळीनं वाटा, असं मी सुचवलं. मालकांनी ते अर्धंमुर्धं ऐकलं.

शिकणाऱ्यांनी संख्याशास्त्र टाळू नये. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी क्लिनिकलवाल्यांना, म्हणजे उपचार करणाऱ्यांना, लागते, आपल्याला नाही. आपल्या हुद्द्याची जाहिरात क्वचितच दिसते, तेव्हा एचआर, ट्रेनिंग, सेफ्टी अशा नावांखाली शोधा. आणि कुणाची उत्तरं कोण बघणार, हे काम घेतानाच लेखी ठरवून घ्या. मालकांनी मला दोनदा विचारलं, "सुपरवायझरविरुद्ध बोलला तो कोण?" दोन्ही वेळा मी तो कागद पुढं केला.