ट्रायलच्या कागदावर सही करायच्या आधी तो कागद घरी न्या

माझ्या आईला आमवात आहे, म्हणजे सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे सुजून आखडतात तो, आणि काही वर्षांपूर्वी तिच्या डॉक्टरांनी सांगितलं की एका नवीन औषधाची ट्रायल, म्हणजे रुग्णांवर घेतली जाणारी चाचणी, सुरू आहे, बघा जमतंय का. पुण्यातल्या एका दवाखान्यात गेलो तर तिथल्या कोऑर्डिनेटर बाईंनी संमतीपत्राचा अठरा पानांचा गठ्ठा पुढे केला आणि इथे, इथे आणि इथे सही करा म्हणाल्या, मागे लाइन लागलेली होती. आईने केली. परत येताना एसटीत मी विचारलं काय लिहिलं होतं गं त्यात, तर म्हणाली डॉक्टर सांगतायत म्हणजे चांगलंच असेल की. दुसऱ्या दिवशी मी परत जाऊन कॉपी मागून आणली, रात्री बसून वाचली, तेव्हा कळलं की तिची चालू गोळी चार आठवडे बंद ठेवायची होती. चार आठवडे! आम्हाला हे कुणी बोललंच नव्हतं. तिने ती ट्रायल सोडली, पण पुढच्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी सगळं नीट समजून घेऊन एका ट्रायलमध्ये गेली आणि ती शेवटपर्यंत पूर्ण केली. त्यामुळे ट्रायल म्हणजे फसवणूक असं मी अजिबात म्हणणार नाही, फक्त आत शिरायची एक पद्धत असते आणि ती कुणीतरी आधी सांगायला हवी म्हणून हे लिहितोय.

आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा

ट्रायल म्हणजे ट्रीटमेंट नाही. डॉक्टरांना ज्याचं उत्तर माहीत नाही असा प्रश्न सोडवायची ती पद्धत आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचं उदाहरण घ्या. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या स्टेजला असेल तर मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात की पुढे दिसल्या तरच काढाव्यात, यावर जगभर वाद होता. टाटामध्ये 2004 ते 2014 या काळात 596 रुग्ण या ट्रायलमध्ये आले, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटले गेले, आणि पहिल्या 500 जणांचा हिशोब 2015 मध्ये छापून आला : आधीच गाठी काढलेल्यांपैकी 80 टक्के लोक तीन वर्षांनी जिवंत होते, वाट बघणाऱ्या गटात 67.5 टक्के. तंबाखू-मिश्रीने पोखरलेल्या आपल्याकडच्या माणसांनी जगाला हे उत्तर दिलं. पण भरती होताना त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं आपण कुठल्या गटात जाणार आणि कुठला गट बरा निघणार. हे पटत असेल तरच पुढे वाचा.

शोधायचं कुठे

व्हॉट्सअॅपवर आलेल्या फॉरवर्डवरून नाही. भारतात सीटीआरआय नावाची ट्रायल्सची सरकारी नोंदवही आहे, आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था ती चालवते, 2007 मध्ये सुरू झाली, आणि 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घ्यायच्या आधीच तिथे ट्रायलची नोंद करावी लागते. गूगलवर सीटीआरआय टाका, सरकारी साइट उघडा, सर्चमध्ये आजाराचं नाव इंग्रजीत टाका. मधुमेह, सोरायसिस, दमा, पार्किन्सन्स, कॅन्सर, सगळं मिळतं. इंग्रजी वाचायला जड जात असेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलाला-मुलीला बसवा शेजारी, अर्ध्या तासाचं काम आहे.

निकाल ढीगभर येतात, घाबरू नका. त्यात बरेचसे एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांचे थीसिस असतात, ज्यात पुष्कळदा औषध वगैरे काही नसतं, नुसती निरीक्षणं असतात. तुम्ही नोंद उघडली की एवढंच बघा : ट्रायल कुठल्या फेजची, म्हणजे टप्प्याची आहे, भारतातली भरती चालू आहे की बंद झालीये, कुठल्या शहरातल्या कुठल्या हॉस्पिटलात आहे, एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीची मंजुरी आहे का, आणि नवीन औषध असेल तर डीसीजीआयची, म्हणजे औषध महानियंत्रकांची परवानगी दाखवलीये का. पैसा कुणाचा आहे, सरकारचा की कंपनीचा, तेही लिहिलेलं असतं. कंपनीचा असला म्हणून वाईट नसतं, पण माहीत असावं.

खाली कोणाला घेणार आणि कोणाला नाही याची यादी असते. वय, शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट, किडनी, गरोदरपण, चालू औषधं. इथेच बरेच लोक गळतात. त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही, आणि आत जाण्यासाठी जुना आजार लपवायचा तर मुळीच नाही, कारण तो नियम तुमचाच जीव वाचवण्यासाठी घातलेला असतो. आई आयुर्वेदिक काढा घ्यायची तेसुद्धा आम्ही सांगितलं.

नोंदीत फोन नंबर असतो, आधी फोन करा. भरती चालू असं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात जागा भरलेल्या असतात असं होतं, आणि उगाच दोनशे किलोमीटरची चक्कर पडते.

आता तो कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 2019 चे नवीन औषध आणि क्लिनिकल ट्रायल नियम आहेत, त्यानुसार माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवं. मराठी मागा, बिनधास्त मागा. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर पाहिजे आणि त्याने सगळं ऐकून सही करायची असते. लहान मुलाच्या ट्रायलमध्ये सही आईवडिलांची, पण साधारण सात वर्षांच्या पुढच्या मुलाला त्याला कळेल असं सांगून त्याचीही तयारी विचारायची असते. आणि कॉपी तुमच्या हातात मिळालीच पाहिजे, तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

मी तर म्हणेन पहिल्या दिवशी सही करूच नका. कागद घरी न्या, दोन दिवस ठेवा, फॅमिली डॉक्टरला दाखवा. एखादा म्हणाला की आत्ताच करा नाहीतर जागा जाईल, तर जाऊ दे ती जागा.

परत जाताना वहीत प्रश्न लिहून न्या, कारण समोर बसलं की विसरायला होतं. माझ्या चालू गोळ्या बंद कराव्या लागतील का, किती दिवस, आणि त्या काळात त्रास वाढला तर काय देणार? एका गटाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिसायला तशीच गोळी, मिळणार आहे का? किती फेऱ्या, किती वेळा रक्त, बायोप्सी आहे का? माझ्या रक्ताचे नमुने नंतर कुठे जाणार? रात्री दोन वाजता काही झालं तर कोणाला फोन करायचा? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. दुसऱ्या ठिकाणच्या मॅडमनी आईला पाऊण तास दिला, तिच्याकडूनच परत वदवून घेतलं की तुम्हाला काय समजलं ते सांगा, आणि मला तेव्हाच खात्री पटली.

फॉर्ममध्ये तुमचं शिक्षण, व्यवसाय, वर्षाचं उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारतात. आई दचकली होती, नॉमिनी कशाला म्हणून. ते नुकसानभरपाईसाठी असतं, नीट भरा. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट करावे लागतात, आणि मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर भरपाईचं ठरलेलं सूत्र आहे, मृत्यूच्या बाबतीत त्यातली मूळ रक्कम 8 लाख धरून वय आणि आजाराच्या धोक्यानुसार आकडा निघतो. एथिक्स कमिटीचा नंबरही त्याच कागदावर असतो. डॉक्टर ऐकत नसतील तर सरळ तिथे फोन करायचा, त्या कमिटीत निम्मे लोक तरी बाहेरचे असावे लागतात, सगळी हॉस्पिटलची माणसं नसतात.

पैशाचं

कंपनीच्या ट्रायलमध्ये औषध आणि ट्रायलसाठीच्या तपासण्या यांचे पैसे तुम्ही द्यायचे नसतात. येण्याजाण्याचा खर्च मिळतो, तिकिटं जपून ठेवा, आईचं एसटीचं अर्धं तिकीटसुद्धा आम्ही लावलं होतं. उलट कोणी ट्रायलच्या नावाखाली लाख-दोन लाख मागत असेल तर तिथून उठा. स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशी टोचून करायच्या उपचारांच्या बाबतीत हे जास्त सांगावंसं वाटतं, कारण ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे आईबाप दागिने मोडून तिथे जातात. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत : रक्ताच्या ठरावीक आजारांतलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेल हे अजून संशोधनच आहे, ते मंजूर ट्रायलमध्येच करायचं आणि रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. त्या आईबापांना हे वेळेत कळावं एवढंच वाटतं मला.

सुरू झाल्यावर

एक फाइल करा, त्यात संमतीपत्राची कॉपी, ट्रायलचा नोंदणी नंबर, व्हिजिटच्या तारखा. ट्रायलमध्ये असल्याचं कार्ड दिलं तर पाकिटात ठेवा, अपघातात दुसऱ्या हॉस्पिटलला ते कळायला हवं. काहीही त्रास झाला, साधं पुरळ असेल किंवा दोन दिवस झोप लागली नसेल, तरी सांगा, किरकोळ आहे म्हणून दाबू नका. ॲडमिट व्हावं लागलं तर लगेच कळवा, कारण अशा गंभीर घटनेची माहिती डॉक्टरांना 24 तासांत वर पाठवावी लागते. मेडिकलमधून परस्पर पेनकिलर घेतली तरी नोंदवा.

सोडावंसं वाटलं तर कधीही सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. फक्त न सांगता जायचं बंद करू नका, काही औषधं हळूहळूच कमी करावी लागतात.

संपल्यावर

हे लोक विसरतात. शेवटच्या व्हिजिटला एक पत्र मागा ज्यात काय दिलं, काय तपासलं आणि पुढे कुठली औषधं चालू ठेवायची ते लिहिलेलं असेल, ते फॅमिली डॉक्टरला लागतं. औषधाने फरक पडला असेल तर ट्रायलनंतर ते मिळणार का हेही विचारा, काही परिस्थितीत तशी तरतूद नियमांत आहे. आणि आपण कुठल्या गटात होतो ते कधी कळेल, निकाल कधी येतील, हे विचारून तारीख लिहून घ्या. आईला सव्वा वर्षाने फोन आला, ती प्लासिबोच्या गटात होती. ऐकून थोडा वेळ गप्प बसली, मग विचारलं की ज्यांना खरं औषध मिळालं त्या बायकांची बोटं बरी झाली का. बऱ्याच जणींची झाली होती. तिने त्या ट्रायलचा नोंदणी नंबर अजून फाइलच्या पहिल्या पानावर ठेवलाय.