कॉपी-पेस्ट न करता प्ले स्टोअरच्या लिस्टिंगमधून वेबसाइटची पानं कशी बनवायची

नागपुरात आजकाल ॲप बनवणारे बरेच झाले, परसोडीच्या आयटी पार्कमधले असोत की घरी बसून करणारे, पण त्यांची वेबसाइट उघडली की बहुतेक ठिकाणी एकच गत. एक होमपेज, त्यावर प्ले स्टोअरचं डिस्क्रिप्शन जसंच्या तसं चिकटवलेलं, खाली डाउनलोडचं बटन, संपलं. मग म्हणतात, गुगलवर येतच नाही बे. येईल कसं? तोच मजकूर प्ले स्टोअरवर आहे, एपीके म्हणजे ॲपची इन्स्टॉल फाइल वाटणाऱ्या साइट्सनीही तोच उचललेला असतो, आणि एकाच मजकुराच्या इतक्या कॉप्या दिसल्या की गुगल सहसा त्यातली एकच दाखवतो, ती तुमची असायचे चान्स कमीच.

मुळात लिस्टिंग, म्हणजे स्टोअरवरचं तुमच्या ॲपचं पान, ही दुकानाच्या आत लावलेली पाटी, जो आत आलाय त्याच्यासाठी. प्ले स्टोअरवर नावाला 30 अक्षरं, शॉर्ट डिस्क्रिप्शनला 80, मोठ्याला 4000, ॲपलकडे नाव 30, सबटायटल 30 आणि लोकांना न दिसणारी 100 अक्षरांची कीवर्डची जागा. एवढ्यात माणूस "बेस्ट, फास्ट, इझी" असंच लिहितो. गुगलवर शोधणाऱ्याला तुमचं ॲप माहीतच नाही ना भाऊ, त्याच्याकडे फक्त त्याची अडचण आहे, म्हणून वेबसाइटचं पान अडचणीवर लिहायचं.

आधी माल गोळा करा. एक शीट उघडा आणि त्यात नाव, दोन्ही डिस्क्रिप्शन, जुन्या व्हर्जनचे सगळे "व्हॉट्स न्यू", स्क्रीनशॉटवर लिहिलेल्या ओळी आणि रिव्ह्यू असं सगळं टाका. तुमचंच ॲप असेल तर प्ले कन्सोलमधून, म्हणजे गुगलच्या डेव्हलपर खात्यातून, रिव्ह्यूची सीएसव्ही फाइल (शीटमध्ये उघडणारी) उतरवता येते, आणि लोक कोणते शब्द शोधून लिस्टिंगवर आले तेही तिथे दिसतं. ॲपलचं आयट्यून्स लुकअप एपीआय आहे, म्हणजे डेटा मागायची एक लिंक, त्यात ॲपचा आयडी दिला की डिस्क्रिप्शन, व्हर्जन, रिलीज नोट्स, स्क्रीनशॉटच्या लिंक असं सगळं जेसन नावाच्या साध्या टेक्स्ट फॉरमॅटमध्ये मिळतं, एपीआय की-बिची (पासवर्डसारख्या कोडची) भानगड नाही, फक्त कंट्रीमध्ये भारत टाका, नाहीतर अमेरिकेच्या स्टोअरचा डेटा येऊन राह्यते.

आता खरं काम, आणि ते रिव्ह्यूमध्ये आहे. समजा तुमचं मेसच्या हिशोबाचं ॲप आहे, नंदनवन, हिंगणा रोड इकडच्या मेसवाल्यांसाठी. डिस्क्रिप्शनमध्ये तुम्ही लिहिलंय "लीव्ह मॅनेजमेंट विथ ऑटो बिलिंग". रिव्ह्यूमध्ये पोरगा काय लिहितो? "पोळ्याला गावी गेलो, चार दिवसांचा खाडा टाकला तरी पूर्ण पैसे दाखवून राह्यलं." खाडा, डबा, महिन्याचे पैसे, गेस्ट थाळी, हेच शब्द लोक गुगलवर टाकतात. म्हणून शीटमध्ये प्रत्येक रिव्ह्यूसमोर एक कॉलम करा, "याला नेमकं काय पाहिजे होतं", आणि त्यात तुमच्या नाही, त्याच्या शब्दांत लिहा. शे-दोनशे रिव्ह्यू हाताने वाचायला जीव जातो, पण वाचाच, एआयला सारांश काढायला सांगितला की तो खाड्याचं पुन्हा लीव्ह मॅनेजमेंट करून देतो.

मग सारखे प्रश्न एकत्र करा आणि एका गठ्ठ्याला एक पान. "मेसचा खाडा कसा मोजायचा" हे एक पान झालं. त्यात पहिल्या दोन ओळींत सरळ उत्तर द्या: महिन्याचे 3000 रुपये, 30 दिवस, म्हणजे दिवसाचे 100, चार दिवस खाडा तर 400 कमी, पण एकच वेळचा डबा बंद असेल तर अर्धे. त्यानंतर ॲपमध्ये हे कुठे टाकायचं ते दाखवा. ॲप न घेताही वाचणाऱ्याचं काम झालं पाहिजे, अशा पानावर लोक थांबतात. जुने "व्हॉट्स न्यू"ही फेकू नका, "खाड्याची चूक दुरुस्त केली" ही एक ओळ म्हणजे मदतीच्या पानाचा अख्खा विषय असतो.

एक मोह टाळा. धरमपेठ मेस ॲप, मानेवाडा मेस ॲप, महाल मेस ॲप अशी नाव बदलून पन्नास पानं काढायची नाहीत. गुगलच्या स्पॅम नियमांत याला डोअरवे, म्हणजे फक्त सर्चमधून लोक ओढायला काढलेली पानं, म्हणतात, आणि ढिगाने काढलेल्या पोकळ मजकुरावर 2024 च्या मार्चपासून वेगळा नियमच आहे.

स्क्रीनशॉट टाकताना इमेजमध्ये लिहिलेल्या ओळी खाली टेक्स्टमध्येही टाइप करा, अल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे इमेजच्या मागे दडलेल्या वर्णनात, "स्क्रीनशॉट 1" नको, "खाडा टाकायची स्क्रीन" असं लिहा. मराठी पानाला वेगळी यूआरएल द्या, इंग्रजी पानाशी एचरेफलँगने जोडा, हा कोणतं पान कोणत्या भाषेचं ते गुगलला सांगणारा टॅग. स्लग, म्हणजे यूआरएलमधलं पानाचं नाव, मात्र रोमन अक्षरांत ठेवा, कारण देवनागरी लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की बरेचदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक शेपटी होते.

स्कीमामध्ये, म्हणजे पान कशाबद्दल आहे ते गुगलला सांगणाऱ्या कोडमध्ये (यालाच मार्कअप म्हणतात), मोबाइल ॲप्लिकेशनचा टाइप वापरा, नाव, किंमत, ऑपरेटिंग सिस्टिम भरा. पण प्ले स्टोअरचं 4.6 रेटिंग उचलून त्यात टाकू नका, दुसऱ्या साइटवरचे रेटिंग गोळा करून मार्कअपमध्ये द्यायचे नाहीत असं गुगलच्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे. एफएक्यू म्हणजे प्रश्नोत्तरांच्या स्कीमासाठीही रात्र जागवू नका, सर्चमध्ये प्रश्नोत्तरं दाखवणारे ते रिझल्ट गुगलने 2023 च्या ऑगस्टमध्येच मुख्यतः सरकारी आणि आरोग्याच्या मोठ्या साइट्सपुरते ठेवले. प्रश्नोत्तरं वाचणाऱ्यासाठी ठेवा. आणि रिव्ह्यूमधलं वाक्य पानावर घेतलं तर लिहिणाऱ्याचं नाव काढून टाका.

पान उघडताच अख्खी स्क्रीन झाकणारा "ॲप इन्स्टॉल करा" लावला तर मोबाइल सर्चमध्ये मार बसू शकतो, हा नियम 2017 पासूनचा आहे. आयफोनसाठी ॲपलचा छोटा स्मार्ट बॅनर पुरतो. अँड्रॉइडच्या प्रत्येक बटनाच्या लिंकमध्ये रेफरर, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी खूण, टाका आणि पानागणिक वेगळा ठेवा, म्हणजे खाड्याच्या पानावरून किती इन्स्टॉल आले अन् गेस्ट थाळीच्या पानावरून किती, ते कन्सोलमध्ये वेगवेगळं दिसेल, आणि पुढचं पान कशावर लिहायचं ते त्यावरून ठरवा.