मित्रांमधली कटकट कशी सोडवायची: आधी उपाय, मग हक्क, पैसे सगळ्यात शेवटी

दोन मित्र एका खोलीत राहतात. एकजण रात्री अकरानंतर कीबोर्ड वाजवतो, दुसऱ्याला पहाटे पाचला उठायचं असतं. वाजवण्याचा आनंद एकाचा आणि मोडलेल्या झोपेचा भुर्दंड दुसऱ्याला. आपल्या वागण्याचा असा जो खर्च दुसऱ्याच्या माथी बसतो आणि आपल्या हिशेबात येतच नाही, त्याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी 1920 मध्ये यावर सरळ इलाज मांडला: जो नुकसान करतो त्याच्यावर तेवढा कर लावा. 1960 मध्ये रोनाल्ड कोस या दुसऱ्या अर्थतज्ज्ञाने दुसरी बाजू दाखवली. वाजवणं बंद केलं तर वाजवणाऱ्याचंही नुकसानच होतं. मग ‘दोषी कोण’ यापेक्षा ‘दोघांचं मिळून नुकसान कशात सगळ्यात कमी’ हे विचारणं जास्त कामाचं.

कोस यांनी 1879 चा इंग्लंडमधला एक खटला घेतला होता. एका मिठाईवाल्याचे खलबत्ते वर्षानुवर्षं चालू होते. शेजारच्या डॉक्टरने त्याच्या स्वयंपाकघराला लागूनच तपासणीची खोली बांधली आणि मग आवाजाची तक्रार केली. त्रास व्हायला खलबत्ते लागले तशी ती नवी खोलीही लागली. कोर्टाने निकाल डॉक्टरच्या बाजूने दिला. पण बोलणी सोपी असती, तर ज्याचं नुकसान जास्त, त्याच्या सोयीची व्यवस्था दोघांनी कोर्टाबाहेरही करून घेतली असती, असं कोस यांचं म्हणणं.

मित्रांच्या बाबतीत बोलणी खरोखरच सोपी असतात, म्हणून ही पद्धत तिथे चालते. फक्त क्रम चुकवू नका. बहुतेक भांडणं चिघळतात ती उपाय, हक्क आणि पैसे हे तिन्ही विषय एकाच दमात काढल्यामुळे.

पहिल्या बैठकीत फक्त उपाय लिहा. निदान पाच तरी हवेत, आणि त्यातले दोन तरी तक्रार करणाऱ्याने स्वतः करायचे असावेत. कीबोर्डला हेडफोन, सरावाची वेळ संध्याकाळी, कानात बोळे, पलंगाची जागा बदलणं, आठवड्यातून ठरलेल्या तीनच रात्री सराव. ‘मी का करू?’ हा प्रश्न या बैठकीत बाद.

उपाय आधी का, ते आकड्यांत बघू. समजा, रात्रीच्या सरावाचं मोल वाजवणाऱ्याला महिन्याला 35 वाटतं आणि झोपमोडीचा त्रास दुसऱ्याला 60. चलन कुठलंही धरा. एवढंच बघितलं तर सराव थांबायला हवा. वाजवण्याचा हक्क मान्य असेल, तर झोपणारा 35 ते 60 च्या मधली रक्कम देऊन तो थांबवेल. शांततेचा हक्क मान्य असेल, तर वाजवणाऱ्याला निदान 60 द्यावे लागतील, जे त्याला परवडत नाहीत, म्हणजे सराव आपोआप थांबेल. निकाल तोच, फक्त खिसा वेगळा. आता यादीतला हेडफोन घ्या. त्याचा खर्च महिन्याला 20 पडला, तरी सराव चालू राहतो, झोप मोडत नाही आणि बंदीपेक्षा 15 ने फायदाच होतो. उपायांची यादी आधी करायची ती यासाठी. नाहीतर दोघं 35 आणि 60 च्या मधेच घासाघीस करत बसतात.

हक्काचा निर्णय आकडे कागदावर येण्याआधी घ्या. खोली घेताना काय ठरलं होतं, आधीपासून काय चालत आलंय, ते बघा. काहीच ठरलेलं नसेल तर सरळ नाणं उडवा. उलट केलंत तर हक्क आपल्याकडे यावा म्हणून दोघंही आकडे फुगवतात. तसंही थोडं फुगवणं होतंच. मनातला खरा आकडा फक्त ज्याचा त्याला माहीत असतो, त्यामुळे फायद्याचा सौदाही कधीकधी फिसकटतो. म्हणून आकडे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून एकदमच उघडा आणि दोन आकड्यांमधला फरक निम्मा-निम्मा वाटा. आमच्या मते मित्रांनी नोटांऐवजी कामात मोजावं: भांडी, झाडलोट, सामान आणण्याची पाळी. एकाच्या खिशात जास्त पैसे असले की त्याचा त्रास उगाच मोठा दिसतो. वेळ मात्र दोघांकडे बऱ्यापैकी सारखा असतो.

दंड लावताना फार जपा. इस्रायलमधल्या हैफा शहरात 10 पाळणाघरांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2000 मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड सुरू केला आणि तिथे उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले. दंड काढून टाकल्यावरही संख्या खाली आली नाही. आधी संकोच वाटायचा, आता उशीर विकत मिळू लागला होता. ‘उशीर झाला की शंभर टाक’ हा मित्रांमधला नियम नेमका असाच उलटतो.

माणसं वाढली की सौदा अवघड होतो. दोघांत एकच जोडी, पाच जणांत दहा. शिवाय प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बोलेल आणि फायदा मलाही मिळेल. चौघांपेक्षा जास्त असाल तर चिठ्ठ्यांचा नाद सोडा आणि एक साधा नियम ठरवा. उदाहरणार्थ, कुणी भेटायला उशिरा येत असेल तर: ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटं थांबायचं, मग निघायचं.

भरपाई मिळावी म्हणून मुद्दाम त्रास सुरू करणाऱ्याशी सौदा करू नका. त्याला एकदा दिलंत की पुढच्या महिन्यात नवा त्रास तयार असतो. खोटं बोलणं, अपमान, कुणाच्या जिवाला धोका, यांना तर आकडा लावूच नये.

ठरलं ते चार ओळींत लिहून ठेवा: कोण काय करणार, बदल्यात काय, कधीपर्यंत. मुदत एक महिन्याची ठेवा. परीक्षा जवळ आली, नोकरीची पाळी बदलली किंवा खोलीत तिसरा राहायला आला, तर जुने आकडे फेकून यादीपासून पुन्हा सुरुवात करा.