पीरियड वाद्यांवरची बरोक कॉन्सर्ट कशी ऐकायची

तिकीट काढताना जमेल तितकं पुढचं घ्या, बाल्कनी तर नकोच. ही पीरियड वाद्यं, म्हणजे बरोक काळातल्या (युरोप, साधारण 1600 ते 1750) पद्धतीची वाद्यं, खोल्यांसाठी, छोट्या दालनांसाठी बनलेली, आणि हार्प्सिकॉर्डमधे, म्हणजे पियानोसारखी बटणं असलेल्या जुन्या वाद्यात, तार छेडली जाते, हातोडी वगैरे काही नाही, त्यामुळे बटण कितीही जोरात दाबा आवाज जवळजवळ तेवढाच.

थोडं लवकर पोचा. व्हायोलिन, चेलोला तात असते, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेली तार, हवेत दमटपणा आला किंवा लाइटची गरमी लागली की ती हलते, म्हणून दोन पीसच्या मधेही परत ट्यूनिंग चालू होतं, तेव्हा वैतागू नका. पट्टी पण खालची असते, ट्यूनिंगचा ए हा स्वर आज 440 हर्ट्झ तर इथे बहुतेक वेळा 415, साधारण अर्धा स्वर खाली. (तेव्हा गावागणिक पट्टी वेगळी होती, 415 हा आताच्या लोकांनी सोयीसाठी ठरवलेला आकडा आहे.)

आता मुख्य गोष्ट. कान वरच्या व्हायोलिनला चिकटवून बसू नका, खाली बेसकडे न्या. ट्रिओ सोनाटा, म्हणजे दोन वरच्या ओळी आणि एक बेस असा तीन भागांचा पीस, म्हटलं तरी स्टेजवर बहुधा चार जण दिसतील, कारण तिसरा भाग, कंटिन्युओ, दोघं मिळून वाजवतात: चेलो किंवा गांबा (चेलोसारखंच दिसणारं जुनं गजाचं वाद्य) बेसची ओळ धरतो आणि हार्प्सिकॉर्डवाला किंवा लांब मानेचा थिओर्बो वाजवणारा त्याच ओळीवर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, भरतो. गंमत म्हणजे त्याच्या कागदावर कॉर्ड लिहिलेलेच नसतात, बेसचे स्वर आणि त्यांच्यासोबत 6, 7 असे आकडे, बाकी सगळं त्याने तिथल्या तिथे रचायचं. म्हणून तोच पीस दुसऱ्या ग्रुपकडून ऐकला तर वेगळा लागतो. एक अख्खी मूव्हमेंट (पीसचा एक भाग) फक्त बेस ऐकून बघा, वरचे दोघं एकमेकांना अडवतात कुठे, सोडतात कुठे ते आपोआप कळायला लागतं.

गांबा ओळखायचा तर मानेवर सतारीसारखे पडदे आहेत का बघा, चेलोला ते नसतात, आणि गांबावाला गज तळहात वर करून धरतो. व्हायोलिनचा गज टोकाकडे हलका, त्यामुळे स्वर उमटतो आणि विरतो, सलग ताणलेला नाही. व्हायब्रेटोही, म्हणजे स्वराचं थरथरणं, कमीच, कुठेतरी दागिन्यासारखा. आवाज कोरडा वाटला तर पहिला पीस जाऊ द्या, कान बसतो.

डान्स मूव्हमेंटमधे प्रत्येक अर्धा भाग सहसा दोनदा येतो. पहिल्यांदा चाल लक्षात ठेवा, दुसऱ्यांदा वादक काय सजवतो ते पकडा, माझ्या मते तिकिटाचे पैसे इथेच वसूल होतात.

टाळ्यांचं टेन्शन नको, हल्ली पूर्ण पीस संपल्यावरच वाजवतात, प्रोग्रॅममधे मूव्हमेंट मोजा नाहीतर बाकीच्यांकडे बघा. जायच्या आधी थोडी तयारी करायची असेल तर कोरेल्ली या बरोक संगीतकाराचे ओपस 5 (त्याचा पाचवा छापील संच) चे व्हायोलिन सोनाटा (1700) ऐका, किंवा बाखच्या 1747 च्या म्युझिकल ऑफरिंगमधला ट्रिओ सोनाटा, बासरी, व्हायोलिन आणि कंटिन्युओ, आणि तो ऐकताना हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर बेस येतच नाही.