इंजिनाला बोल लावण्याआधी: कोल्हापुरातल्या नवख्या मॉडेल रेल्वेवाल्यांनो, या चुका टाळा

मॉडेल रेल्वेचा नाद लागला की पोरं पहिले पैसे इंजिनावर घालतात. दुकानात नजर तिथंच जाते, त्याला इलाज नाही. पुढे गाडी अडखळते, घसरते आणि बोलही इंजिनालाच लागतो. दोष मात्र बहुतेक वेळा रुळात नाहीतर तारेत सापडतो.

मापाचा घोळ

मॉडेल खऱ्या गाडीच्या किती पट लहान, ते माप सांगतं. एचओ म्हणजे १:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्श्याएवढं, ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६. दोन्हींचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा, त्यामुळे इंजिनं एकाच रुळावर धावतात आणि फसगत तिथंच होते. ओओचा डबा एचओच्या फलाटाला घासतो, शेजारचं स्टेशन खेळण्यासारखं दिसतं. एक माप ठरवा आणि मगच खरेदी करा. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, १:८७ने तो १९च्या थोडा वर जातो. म्हणजे १६.५च्या रुळावर भारतीय डबा जरा अरुंद पायावर उभा दिसणार. ही तडजोड खुशाल मान्य करा. पहिल्याच लेआउटला, म्हणजे रूळ-स्टेशनांच्या मांडणीला, १९चा रूळ हातानं घालायला बसू नका.

अख्खी मिरज लाइन नको

कोल्हापूर-मिरज मार्ग १८९१ सालचा, लांबी सुमारे ४८ किलोमीटर. १:८७ने तो अर्ध्या किलोमीटरहून जास्त भरतो! तरी पंचगंगेचा पूल, रुकडी, हातकणंगले, सगळं एका प्लायवर बसवायचा हट्ट असतोच. त्यापेक्षा गूळ मार्केटसारखं एखादं छोटं स्टेशन घ्या, चार वाघिणी आणि एक साइडिंग (गाडी उभी करायचा बाजूचा रूळ). पूलच हवा असेल तर हिशेब आधी करा. खालून दुसरी गाडी जायला साधारण साडेसात सेंटीमीटर उंची लागते. ३ टक्के चढ धरला तर त्यासाठी अडीच मीटर हवेत. आठ फुटी प्लायची लांबी चढण्यातच संपते, उतरायचं राहूनच जातं.

वळणाचंही तेच. चार फूट रुंदीत २२ इंच त्रिज्या कशीबशी बसते, म्हणून लोक १८वर येतात. चारचाकी वाघिणींना ती चालते. आयसीएफ डबा (चेन्नईच्या कारखान्याच्या बनावटीचा लांब प्रवासी डबा) मात्र मॉडेलमध्ये साडेचोवीस सेंटीमीटरचा होतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसची अख्खी गाडी त्या वळणावर घातलात तर डबे एकमेकांना ढकलून खाली उतरवतील.

गाडी थांबते, म्हणजे नक्की कुठे?

सगळी इंजिनं एकाच जागी थांबत असतील तर दोष रुळाचा. एकच इंजिन जागोजागी थांबत असेल तर त्याची चाकं मळलेली आहेत. एवढं पाहिल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर उचलू नका. रुळाला वीज देणाऱ्या कंट्रोलरपासून लांब गेल्यावर गाडी मंदावते, कारण रुळाचे तुकडे जोडणारे जॉइनर सैल होतात आणि व्होल्ट वाटेतच गळतात. गाडी चालू असताना दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावून बघा, फरक लगेच दिसेल. उपाय सोपा पण कंटाळवाणा आहे: साधारण मीटरभर अंतरानं रुळाखाली वेगळी तार सोल्डर करायची. हे काम रूळ खिळण्याआधी करा, नंतर प्लायखाली उताणं झोपून करावं लागतं.

रूळ फिरवून त्याच रुळाला उलटा जोडलात तर डावी पट्टी उजवीला भिडते आणि शॉर्ट होतो. कंट्रोलर बिचारा फुकट बदनाम होतो. त्या वळशाच्या दोन्ही पट्ट्या दोन्ही टोकांना इन्सुलेट करून त्याचा करंट वेगळा ठेवावा लागतो. पहिल्या लेआउटला हा वळसाच टाळा.

घसरण्याचंही असंच तपासा. एकच डबा सगळीकडे घसरतो? चाकांमधलं अंतर मोजा आणि वजन बघा. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार एचओच्या डब्याला एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस वजन हवं. आयसीएफ डब्याचं ते १६५ ग्रॅमच्या आसपास जातं. नट-वॉशर तळाला चिकटवा, वर नको. उद्यमनगरात असल्या वजनांना तोटा नाही.

सफाई आणि पाऊस

पॉलिश पेपरनं रूळ घासू नका, ओरखड्यांत मळ अजून बसतो. सुती कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे. पितळी रूळ स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्यावरचा काळा थर वीज अडवतो आणि तुम्ही कायम घासतच राहता. निकेल सिल्व्हरचा (तांबं, निकेल, जस्त यांचा मिश्रधातू, चांदी नव्हे) घ्या. गिअरला खोबरेल तर अजिबात नको, थंडीत ते थिजतं. प्लॅस्टिकला चालणारं हलकं तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच.

आपल्याकडच्या पावसाळ्यात साधा प्लाय फुगतो. मरीन प्लाय घ्या, खालची बाजू आणि कडाही रंगवा. लेआउट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

एवढं करूनही अडलंच, तर ज्येष्ठांना नुसतं "काका, गाडी चालत नाही" म्हणू नका. इंजिन कुठलं, कंट्रोलर कुठला, नेमकी कुठल्या जोडाला थांबते आणि मल्टिमीटर काय दाखवतो ते सांगा, जोडीला त्या जोडाचा जवळून काढलेला फोटो द्या.